नावेला सांगितलेलं

माझं माहेर माणातलं. तिकडं पाणी बघायचं म्हणजे विहिरीच्या काठावर पोटावर झोपून खाली डोकवायचं. अशा मुलखातली मुलगी सांगलीच्या नावाड्याच्या घरात दिली, ही कुणाची थट्टा होती कोण जाणे. कृष्णा पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं होतं, "ही रात्री बंद करतात का?" नवरा हसत हसत खालीच बसला. अशी हुशार मी!

पण हळद पुरती उतरायच्या आत तो लढाईवर गेला. सासू आधीच वारलेली. घरात उरलो मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासरा सुनेशी बोलत नसे. राग नव्हे, रीत. ते खोकायचे. एक खोकला म्हणजे पाणी, दोन म्हणजे जेवण. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून ताट ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. दिवसभरात माझ्याशी बोलायचं ते एकटं जातं, तेही मी फिरवलं तर.

पावसाळा ओसरल्यावर कऱ्हाडच्या खाली मामंजींची नवी नाव बांधून तयार झाली. ती सांगलीला आणायला दुसरा माणूस हवा. जाणती पोरं सगळी पलटणीत. शेजारच्या चुलतसासूबाईंनी तोडगा काढला.

"सुनेला न्या की. शिकली तर घाटावर कामाला येईल. न्हाई जमलं तर धाडा माणात, पोरगा येईस्तवर."

माणात आई नव्हती. वडील आणि भाऊ मुंबईला गिरणीत. म्हणजे तिथं बोलायला मेंढरं. इथं खोकला, तिथं मेंढरं! मी ठरवलं, नाव शिकायचीच. मनात आणखी एक लबाडी होती. एका नावेत दोघंच असल्यावर म्हातारा बोलल्याशिवाय जातो कुठं?

बोलले की! नाव सुटली तसे लगेच बोलले. पण नावेशी.

मामंजी पुढं बांबू घेऊन, मी मागं सुकाणूपाशी, तोंडावर पदर. पुढून आवाज आला, "अगं ए, डावीकडं हो! डावीकडं हो म्हनतो न्हवं!" मी हात मांडीवर ठेवून नाव कधी ऐकते त्याची वाट बघत बसले. नाव सरळ लव्हाळ्यात घुसली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून मामंजींनी ती ढकलून काढली आणि तिच्या फळीवर थाप मारली. "डोस्क्यात काय दगूड भरल्यात का गं तुज्या?" मला बिचाऱ्या नावेची फार दया आली. किती खाष्ट माणूस, मुक्या लाकडालाही सोडत नाही! ते दगड कुणाच्या डोक्यात होते, हे माझ्या ध्यानात यायला दुपार झाली.

मग मी शिकले. नावेला डावीकडं न्यायचं तर सुकाणूचा दांडा उजवीकडं रेटायचा. ही उलटी अक्कल माझ्या हातात फार उशिरा शिरली. "पान्याला सुरकुती दिसली की खाली खडक," ते नावेला सांगायचे. "वारं आधी बग, शीड मागनं." वारा मला पदर सांगायचा. फडफडून तोंडावर चिकटला की समोरचं काही दिसत नसे, एवढीच अडचण.

मुक्कामाला मामंजी गाव टाळायचे. सून नावेवर का, हे कोण सांगत बसणार? म्हणून कधी नदीतल्या बहे गावच्या बेटावर, कधी नुसत्या वाळूच्या बेटावर थांबायचं. भाकरी खाल्ली की ते बेटाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे नाव. पलीकडच्या काठावरून बाया एकमेकींना हाका मारायच्या ते ऐकू यायचं. मी प्रत्येक हाकेला मनात ओ द्यायची. मामंजी उठून जाण्याआधी दोराची एखादी गाठ अर्धी मारून ठेवत. ती मी सोडवायची, पुन्हा मारायची, पुन्हा सोडवायची. तेवढंच आमचं बोलणं.

सांगली जवळ आली त्या सकाळी वारा मागून चांगला भरला होता. शिडाचा दोर मामंजींच्या हातात होता आणि ऊन समोरून पाण्यावर चमकत होतं. त्यांच्या डोळ्यांत फूल पडलेलं, उन्हात समोरचं नीट दिसत नसे. मला पदराआडून सुरकुती दिसली. सरळ आमच्या वाटेत. हाक मारायची, पण काय म्हणून? त्यांना मारायची हाक माझ्या तोंडाला माहीतच नव्हती. मी पदर मागं फेकून कमरेला खोचला आणि ओरडले,

"अगं बये नावे, म्होरं खडक हाय! शीड सोड की गं!"

मामंजींनी मागं वळून पाहिलं नाही. दोर सोडला. मी दांडा रेटला, या खेपेला बरोबर बाजूला. खडक हाताच्या अंतरावरून गेला.

खडक मागं पडल्यावर ते म्हणाले, "नजर लय चांगली हाय गं तुजी."

मी नावेलाच सांगितलं, "माणातली हाय ती. पानी कसं बगावं ते तिकडच्यांनाच कळतं."

त्यांचे खांदे हलले. हसत असावेत. मग घाटापर्यंत आम्ही दोघं नावेशी बोलत राहिलो. त्यांनी तिला सांगितलं, पोरगा लहानपणी याच नदीत दोनदा बुडता बुडता वाचला. मी तिला सांगितलं, "मग तिकडंबी वाचतील."

घाटावर चुलतसासूबाई उभ्याच होत्या. "काय मग? धाडायची का माणात?"

मामंजी नावेला दोर बांधत होते. तिच्याकडं बघतच म्हणाले, "हिला कुटं धाडू नगा. हिच्याबिगर मला आता दिसायचं न्हाई."

मी जिंकले होते. घरी येऊन ऐटीत भाकरी थापल्या, पदर ओढून ताट ठेवलं, दाराआड उभी राहिले. मामंजींनी घास घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, भिंतीकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं आणि मिटलं. मग एकदा खोकले.

मी पाणी नेऊन ठेवलं. पाणी त्यांना नको होतं, ते मला कळत होतं. पण नाव घाटावर होती.