सरळ टोक

किनाऱ्यावरच्या पाली गावात कॅजिटनला चिडवायला निमित्त लागत नसे. बोट असो, बकरी असो, की अंगणातली कपड्यांची दोरी, हा फासा घालणार दोन वेढ्यांचा. टोक वीतभर लांब सोडणार, त्या टोकाची वेगळी गाठ मारणार, वर पाणी ओतून तीन हिसके देणार. मग कुणीतरी म्हणेच, "याच्या लुंगीला पण दोन वेढे हायत." कॅजिटन हसत नसे. चिडतही नसे.

बापाने त्याला शिकवला होता तो एका वेढ्याचा फासा, काथ्याच्या दोराचा. काथ्या भिजला की फुगतो, स्वतःलाच धरून बसतो. एकोणनव्वद साली कॅजिटनने भाईंदरच्या बाजारातून निळा नायलॉनचा दोर आणला. गुळगुळीत, कधी न कुजणारा. दोर नवा, फासा जुनाच. एक दिवस भर समुद्रात, त्याच्या बोटीमागे बांधलेल्या लहान होडीत धाकटा भाऊ इनास जाळं सोडवत बसला होता. वारा उठला. होडी जवळ घ्यायला कॅजिटनने दोर ओढला, तर तो हलका आला. हातात नुसता येतच राहिला. टोक ना तुटलेलं, ना झिजलेलं. सरळ, जणू त्याला कधी गाठ पडलीच नव्हती.

होडी चौथ्या दिवशी सापडली. इनास नाही.

गावाला त्याने सांगितलं, दोर तुटला. इनासच्या बायकोला, विल्मालाही तेच. दाखवायला म्हणून टोक खडकावर घासून त्याचे धागे सुटे केले होते. पुढे फादरपाशी सगळं कबूल केलं, क्षमाही मिळाली. पण देवाने माफ केलं तरी ते हाताला कुठे कळतं? ओली दोरी धरली की तळव्यांत तो हलकेपणा परत येई. भर दुपारी, अंगणात, अगदी चर्चच्या घंटेचा दोर ओढतानासुद्धा.

सात वर्षांनी, एका उन्हाळ्यात, विल्मा त्याच्या दारात आली. हातात बादली आणि निळी दोरी. आठवड्यात तिसऱ्यांदा तिची बादली विहिरीत पडली होती. गळ टाकून ती काढली होती तिने. फासा तेवढा बांधून हवा होता.

"तुटत न्हाय, भाऊ. बगा." तिने टोक पुढे केलं.

सरळ.

कॅजिटन दोरी घेऊन ओट्यावर बसला. बादलीच्या कडीला दोन वेढे घेतले, टोक लांब सोडलं, गाठ मारली, पाणी ओतलं. ते बघत असताना विल्माने सहज विचारलं, हा बापानं शिकवलेला का? 'हो' म्हणणं सोपं होतं. ओठापर्यंत आलंही होतं.

"न्हाय. इनासनंतर शिकलो. तो दोर तुटला न्हवता, विल्मा. माझा फासा सुटला. टोक मी घासलं."

विल्मा दोरीकडे बघत उभी राहिली. मग त्याच्या हातातून दोरी घेतली, टोकाची गाठ सोडली, दोन्ही वेढे मोकळे केले.

"आता सावकाश दाखवा," ती म्हणाली. "तुमी बांधलेला मला नको."

त्याने दाखवला. ती चुकली तिथे हात न लावता नुसतं सांगितलं. तिने स्वतःच पाणी ओतलं, हिसके दिले, तीनच्या जागी सहा. मग बादली उचलून निघून गेली.

कॅजिटन ओट्यावरच कान देऊन बसला. विहिरीवरची कप्पी कुरकुरली. बादली पाण्यावर आपटली. मग दोरी वर येऊ लागली. अडखळत, जड.