हरिचंद्राची नजर आणि दोन हजार स्टँड

अख्खा देश स्कूटर सोडून मोटारसायकलवर बसला आणि अंबरनाथच्या शेडमधल्या हरिचंद्राला वाटायला लागलं, हे सगळं आपल्यामुळेच. शेडमध्ये बनायचा फक्त गाडीचा साइड स्टँड. २००६ साली गाड्या कोलंबिया, नायजेरियाला जायला लागल्या, तसा हा गडी हवेतच गेला. मांजर्लीतल्या शेजाऱ्यांना सांगायचा, "आफ्रिकेतली गाडी माझ्या भरवशावर उभी असते." स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, ते सोडा. शेअर रिक्षात अंग कोंबून यायचा.

तपासणी त्याच्याकडे. नमुन्याचा स्टँड शेडमधल्या जुन्या गाडीला लावायचा, तीन पावलं मागं सरायचं आणि एक डोळा मिटून झुकाव बघायचा. मापं घ्यायला तो काय नवशिका होता? बारा वर्षांची नजर! एक्स्पोर्टचा पहिला माल नीट गेला की शेठ त्याला इन्स्पेक्टर करणार होते.

माल ट्रकमध्ये चढत होता. नवी इंजिनीअर मैत्रेयी त्यातला एक स्टँड लावून गाडी बाहेर सपाट अंगणात घेऊन गेली. नुसता हात लावला, तर गाडी उजवीकडं आडवी. दोन हजार स्टँड बोटभर जास्त लांब निघाले. शेठ तडक वेल्डर राजरत्नवर घसरले, "उद्यापासून येऊ नकोस." राजरत्न मान खाली घालून उभा राहिला, कोणाचं नाव त्यानं घेतलं नाही.

हरिचंद्रानं वळून तपासणीच्या जागेकडं पाहिलं. धुण्याचं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून तिथं गवंड्याकडून नुकताच उतार करून घेतला होता, तो त्यानंच. तिथं गाडी डावीकडं जास्त झुकायला लागली, तर या दीडशहाण्यानं राजरत्नला स्टँड लांब करायला लावले. खाली जमिनीकडं बघायचं काही सुचलं नाही. आता गप्प बसलं तर इन्स्पेक्टरकी पक्की होती. आणि तो बसलाही, चांगली दोन-तीन मिनिटं. त्याची त्यालाच लाज वाटली.

"शेठ, चूक माझी आहे," तो म्हणाला आणि उताराचं सगळं सांगून टाकलं. शेठनी कपाळावर हात मारला. राजरत्नची नोकरी राहिली, इन्स्पेक्टर मैत्रेयी झाली.

स्टँड परत कापायला दोघं बसले, तेव्हा हरिचंद्राला वाटलं, पोरगा आता गहिवरून आभार मानणार. त्यानं चेहरासुद्धा तसा तयार ठेवला.

"काका," राजरत्न म्हणाला, "उतार मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पण तुम्हाला सांगणार कोण? तुम्ही ऐकता का कोणाचं?"

बारा वर्षांत आपण कोणाचं एकदा तरी ऐकलंय का, ते हरिचंद्र आठवत राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला एकही वेळ आठवली नाही.