हरतालिकेच्या वाळूतली शंखी: देवळी ते रत्नागिरी

आलेल्या वस्तू: बारीक जाळीच्या स्टीलच्या दोन चाळण्या, एक हातभिंग, झाकणाच्या छोट्या डब्यांचा संच. सगळं मिळून आठशे चाळीस रुपये, घरपोच. घरात चाळणी असताना हा खर्च कशाला, असं मी म्हणून पाहिलं. पण स्नेहलचं, म्हणजे माझ्या लेकीचं म्हणणं पडलं की घरच्या चाळणीची भोकं लहानमोठी असतात, या कामाला एकसारखी लागतात.

काम काय, ते सांगते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमचं भजनी मंडळ कोकणात गणपतीच्या दर्शनाला गेलं होतं. तिथून मी हरतालिकेच्या पिंडीसाठी पिशवीभर वाळू आणली. हे म्हणाले, "आपल्या यशोदा नदीत वाळू नाई काय, तू समुद्राची वाहून आणून राह्यली?" मी थोडी देवळाजवळच्या किनाऱ्याची घेतली होती, थोडी पलीकडच्या खडकाळ किनाऱ्याची. पूजेच्या आधी दोन्ही एका परातीत कालवली आणि तांदूळ निवडावे तशी निवडली. त्यात बारीक बारीक शंख्या निघाल्या. देवाच्या गावची वस्तू केरात कशी टाकणार? कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून देवघरात ठेवल्या. पिंडीच्या वाळूचं नेहमीसारखं नदीत विसर्जन केलं.

स्नेहल नागपूरला समुद्रातल्या गोगलगायींचा अभ्यास करते. गणपतीत घरी आली, डबी उघडली आणि जेवायलाही उठेचना. त्यातली एक शंखी तिच्या माहितीतल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हती. पण तिच्या सरांनी दोन गोष्टी विचारल्या: हिचं टोक तुटलंय, अख्खी कुठे आहे? आणि ही नेमकी कुठली? जागा सांगता येत नसेल तर नवी जात म्हणून कोणी मान्य करणार नाही, ती नुसती सुंदर शंखी. दोन किनारे तर मी परातीत एक करून बसले होते.

म्हणून दिवाळीनंतर आम्ही मायलेकी निघालो. "मागं वाळू आणाले गेली, आता वाळू पाहाले चालली," म्हणत हे बसस्टँडवर सोडायला आले.

जाणाऱ्यांसाठी: वर्ध्याहून कोल्हापूरची थेट गाडी मिळते. प्रवास लांबचा, तेव्हा तिखटामिठाच्या पुऱ्या आणि तिळाची चटणी बांधून घ्या. स्टेशनवरचा चहा सोडून काही घ्यावं लागत नाही. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेतलं, मग रत्नागिरीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे. आंबा घाटात वळणं फार, पुढच्या सीटवर बसा. हिरवी दरी पाहून आमच्याकडच्या तुरी-पऱ्हाटीच्या सपाट शेतांची मला उगाच आठवण आली. मुक्कामाला एका काकूंचं घर मिळालं. जेवणात भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. भाकरी तांदळाची असते, ज्वारीची मागू नका.

पहिला दिवस देवळापुढच्या किनाऱ्यावर गेला. माणसं, घोडागाडी, भेळवाले. स्नेहल वाळू चाळायची, मी थाळीत उन्हात वाळवायची, मग ती भिंगातून बघायची. ओळखीच्या शंख्या निघाल्या, ती नाही. मी आधीच अट घातली होती की जिवंत जीव उचलायचा नाही. ती म्हणाली, आपल्याला रिकामं कवचच हवंय, वर्णन त्याच्यावरूनच लिहायचं आहे.

रात्री जेवताना ती बोटांवर दिवस मोजत होती. दोन्ही किनारे लांबच लांब, आणि हातात सुट्टीचे दिवस थोडे. शेवटी म्हणाली, "आई, वाळू उचलली ती जागा कशी होती, आठव ना."

"जिथं कोणाचा पाय नाई पडला, तिथली. पूजेची होती ना बाई."

तिचा हात ताटातच थांबला. "हे मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू किनारा कोणता ते विचारलं. जागा कुठं विचारली?"

काकू हसून म्हणाल्या, "पाय न पडणारी जागा म्हंजे खडपातली. ओहोटीला मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मागे चप्पल हातात धरून खडकांवरून गेलो. दोन काळ्या खडकांमध्ये एक खोलगट जागा, समुद्र येतो आणि तिथली वाळू धुऊन जातो. पाहताक्षणी ओळखली. इथेच बसून मी अथर्वशीर्ष म्हणत पिशवी भरली होती.

तिसऱ्या थाळीला स्नेहल ओरडली नाही, नुसता माझा हात घट्ट धरला. भिंग माझ्या डोळ्याला लावलं. तिळापेक्षा लहान, दुधाळ रंगाची, पगडीसारखे चढत गेलेले वेढे, त्यावर उभ्या रेघा, शेवटच्या वेढ्याला बदामी पट्टा. तोंडाची कड करंजीच्या मुरडीसारखी जाड, म्हणजे पूर्ण वाढ झालेली. आणि टोक अख्खं. जन्माच्या वेळचे वेढे त्या टोकात असतात म्हणे, तीच तिची जन्मपत्रिका. मग एकापाठोपाठ एक सापडत गेल्या. मी तिथेच समुद्राला नमस्कार केला. काकूंनी ओच्यातून गूळ काढून आमच्या हातावर ठेवला.

परत आल्यावर स्नेहल नागपूरला कितीतरी महिने मोजमापं घेत होती, फोटो काढत होती, जुन्या वर्णनांशी ताडून बघत होती. मागच्या आठवड्यात तिचा लेख छापून आला. नवी जात. सर म्हणत होते आईचं नाव दे. मी म्हटलं, वाळू जिच्या पूजेची तिचं दे. म्हणून शंखीच्या नावात आता गौरी आहे. एक अख्खी शंखी संग्रहालयात गेली, चिठ्ठीवर त्या खडपाची जागा लिहून. तुटक्या टोकाची पहिली मात्र माझ्या देवघरात आहे. हे आमच्या दुकानात येईल त्याला छापील फोटो दाखवतात आणि सांगतात, "आमच्या परातीतली आहे हे."

यंदाची पिंडी यशोदेच्या वाळूची केली. पण नव्या चाळणीतून चाळूनच. पैसे वसूल.

आता ही शंखी आणखी कुठे राहते, ते कळायला हवं. तुमच्यापैकी कोणी कोकणच्या किनाऱ्याची वाळू पूजेला आणत असाल, तर प्रत्येक जागेची पिशवी वेगळी ठेवा, एकत्र कालवू नका. विसर्जनाआधी चाळा. आणि काही निघो न निघो, वाळू कुठून घेतली आणि तिथे पाय पडतात का, एवढं उलट टपाली जरूर कळवा.