कुंभकोणममधली दोनशे अठरा घरं

हरिप्रसाद वेबसाइटवर नकाशे बसवतो. कुंभकोणममध्ये या कामाला वेगळं नाव नाही. शेजारी त्याला कंप्यूटरवाला म्हणतात आणि प्रिंटर अडला की बोलावतात. लॉज, लग्नाचे कल्याण मंडप, पितळी दिव्यांची दुकानं, तिरुनागेश्वरमला राहूच्या पूजेसाठी येणाऱ्यांना गाड्या पुरवणारे, ही त्याची गिऱ्हाइकं. प्रत्येकाच्या पानावर तो जावास्क्रिप्टचं एक फुकट मिळणारं प्लगिन जोडतो, नकाशाच्या चौकटीला उंची देतो आणि दुकानाच्या जागी टिंब टाकतो. उंची द्यायची राहिली तर नकाशा पानावर असतो, पण दिसत नाही.

टिंबांच्या बाबतीत तो हट्टी आहे. सुरुवातीला एका लॉजचे अक्षांश-रेखांश त्याच्या हातून उलटे पडले आणि लॉज उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात गेला. मालकाने तक्रार केली नाही. त्याने पान उघडलंच नव्हतं. पण तेव्हापासून हरिप्रसाद प्रत्येक ठिकाणी जातो, दारात फोन धरून उभा राहतो आणि आकडे स्वतः घेतो.

मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेल्यांपैकी त्याचं घराणं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घर दोन खोल्यांचं. एकीत वडील आणि त्यांचा टीव्ही. म्हणून तो काम करायचा मेव्हण्याच्या, म्हणजे स्वामीनाथच्या, कॉफी पावडरच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात. गेल्या वर्षी स्वामीनाथने तो कोपरा परत मागितला.

"भावोजी, पोंगलनंतर इथे ग्राइंडर येणार."

"कोपरा केवढा, ग्राइंडर केवढा!"

"ग्राइंडर मावतो. तुम्ही दोघं मिळून मावत नाही."

त्याच सुमारास हयग्रीव मामांनी त्याला बोलावलं. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, इकडच्या मराठी समाजाच्या कुंभकोणम शाखेचे अध्यक्ष. समाजाला स्वतःचा हॉल बांधायचा होता. मामांनी घरामागची मोकळी जागा देऊ केली होती, पण जिथे जास्त घरं तिथे हॉल, असं समाजाच्या चेन्नैतल्या मुख्य समितीचं म्हणणं पडलं. समाजाच्या पानावर सगळ्या घरांचा नकाशा टाकायचं काम मामांनी हरिप्रसादला दिलं.

"हॉलला बाजूला एक खोली ठेवणार आहे," मामा म्हणाले. "सेक्रेटरी म्हणून तू बैस तिथे. तुज कोण उठवतो बघू."

हरिप्रसादने समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, आपण कुठे राहता? उत्तरं भराभर आली. 'कुंभकोणम्. तूर्त न्यू जर्सी.' 'कुंभकोणम्. तूर्त बंगळूर, मुलाकडे.' या भागात माणूस आधी मूळ गाव सांगतो आणि मग उरलेलं. काहींचं तूर्त तीस वर्षांचं होतं. हरिप्रसादच्या प्रोग्रामने प्रत्येक उत्तरातलं पहिलं गाव उचललं आणि तिथे टिंब टाकलं. जवळजवळची टिंबं हे प्लगिन एका गोलात गोळा करतं आणि आत आकडा लिहितं. कुंभकोणमवर मोठा केशरी गोल उमटला. आकडा दोनशे अठरा. गावात प्रत्यक्ष राहणारी घरं सात.

त्याने मामांना सांगितलं. "मामा, हे चुकलं आहे."

"काय चुकलं? सगळी इथलीच घरं."

"इथली आहेत. इथे नाहीत."

"आपल्या बदरीनाथला विचार, कोठला तू म्हणून. डॅलसचा म्हणेल?"

"तो राहतो डॅलसला. नातू झालाय त्याला तिथे."

"नातवालाही विचार. कॉफी घे."

हरिप्रसादने कॉफी घेतली. मग दुकानात जाऊन त्याने उत्तरांचा उरलेला अर्धा भाग वापरला आणि नकाशाला दुसरा थर केला. पहिल्या थराला नाव दिलं 'गाव', दुसऱ्याला 'राहतं घर'. नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकोन आले. दुसऱ्यावर खूण केली नाही, तर तो थर दिसत नाही. त्याने खूण केली नाही. मामांनाही सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये समिती आली. नित्या नावाच्या ऑडिटरबाई आणि त्यांच्याबरोबर दोन गृहस्थ. मामांच्या ओसरीवर लॅपटॉप मांडला होता. केशरी गोल पाहून दोन्ही गृहस्थांनी माना डोलावल्या. नित्याने गोलावर बोट दाबलं, नकाशा जवळ आणला, आणखी जवळ आणला. गोल फुटेना. शेवटी टिंबं कोळ्याच्या पायांसारखी चहूकडे पसरली. मधली जागा एकच, कुंभेश्वराचं गोपुर.

"मामा, दोनशे अठरा कुटुंबं एकाच गोपुराखाली राहतात?"

"देवाच्या पायाशी राहतात, अम्मा. वाईट काय त्यात?"

"पाणी पुरतं का?" म्हणत तिने एका टिंबावर टिचकी मारली. नाव उघडलं. तिने चष्मा लावला. "हे माझे अप्पा. चेन्नैत अड्यारला असतात. सकाळी त्यांना गोळ्या देऊन निघाले मी."

मामांनी कॉफीचा वाटीसारखा डबरा उचलला. तो रिकामा होता.

"हा नकाशा तुम्ही केलात?" तिने हरिप्रसादला विचारलं.

"हो."

"बरोबर आहे?"

हरिप्रसादने पुढे वाकून वरच्या चौकोनातली खूण काढली आणि खालच्यात केली. केशरी गोल गेला. चेन्नैवर एकशे चार आले, बंगळूरवर अडतीस, बाकीचे समुद्रापलीकडे. कुंभकोणमवर सात टिंबं उरली, प्रत्येक आपापल्या दारात.

"हे कधी केलंत?"

"आधीच केलं होतं."

हॉल चेन्नैजवळ तांबरमला ठरला. मंडळी गाडीत बसून गेल्यावर मामा फाटकापाशीच थांबले.

"एक टिचकी मारलीस आणि खोली घालवलीस."

"हो मामा."

"नसती मारली तर?"

"त्यांनी वडील ओळखले होते."

"वडील एक. उरलेली दोनशे सतरा कोण ओळखत होता?"

"मी."

मामांनी फाटकाला कडी घातली. हरिप्रसाद बाहेरच्या बाजूला होता.

पोंगलनंतर त्याने पापनाशमला एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल घेतलं. रोज पॅसेंजरने जातो, संध्याकाळी परततो. हयग्रीव मामांनी घरामागच्या जागेत केळी लावल्या आहेत.