गॅरंटीचा कागद आणि मोटेचं चामडं

बाबांनी मेहकरहून पाण्याचा पंप आणला, त्याच दिवशी विहिरीवरची मोट गोठ्यात फेकली. आजोबांच्या वेळची ती चामड्याची मोट. फाटली की ती शिवणारे काका यायचे, ठिगळ लावायचे, की झाली पुन्हा सुरू. बाबांना त्या ठिगळांची लाज वाटायची. आता आपण सुधारलो ना! पंपाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि गॅरंटीचा कागद फ्रेम करून देवांच्या रांगेत टांगला. त्याला रोज उदबत्ती. देवाशपथ, या डोळ्यांनी पाहिलंय.

पंपाच्या झाकणावर शिशाचं सील होतं. ते तुटलं की गॅरंटी संपली, असं कागदावर छापलेलं.

गहू ओंबीवर आला आणि पंप रुसला. इंजिन नुसतं बोंबलायचं, पाण्याचा थेंब नाही. मोट शिवणारे काका येऊन म्हणाले, "खोलून पाह्यतो. अंदर काईतरी फाटलं असंन."

"हात लावू नोको बे! गॅरंटी जाईन!" बाबा ओरडले.

त्यांनी कंपनीला पत्र टाकलं. मोट जुंपावी, तर तिचे लाकडी खांब मोठ्या हौसेनं चुलीत घातलेले. माय रोज वावरातून एक वाळकी ओंबी आणायची आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवायची. बाबा ती बाजूला सारून जेवायचे. काय तो संयम! मला त्यांचा असा राग यायचा की विचारू नका.

नवव्या दिवशी मायनं अडकित्ता घेतला आणि सील कातरलं. काकांनी झाकण खोललं. आत तळहाताएवढी चामड्याची चकती, फाटलेली. ती झिजणार हे बनवणाऱ्या शहाण्याला ठाऊक होतंच, तरी वर सील! काकांनी गोठ्यातल्या मोटेतून तेवढीच चकती कापून बसवली. चहा उकळेपर्यंत पाणी आलं. अर्धा गहू तोवर गेला होता.

मग एकदाचा कंपनीचा साहेब उगवला, हातात वही.

"सील कोणी तोडलं?"

माय चुलीपासून उठून आली.

"म्या तोडलं. लिवा. आन् आमचा अर्धा गहू कोनं वायवला, तेबी खाली लिवा."

साहेबानं पहिलं तेवढं लिहून घेतलं.