पायऱ्या पुसलेलं पुस्तक

"या पायऱ्या कोणी खाल्ल्या? अहो, बोला ना! कोणी खाल्ल्या?"

बाइंडिंगवाल्या काकू अशा ओरडत होत्या, की नारायण पेठेतल्या त्या बोळातली कबुतरं उडाली ती थेट नदीपलीकडे जाऊन बसली. माझ्या कवितासंग्रहाचे छापून, घड्या घालून आलेले गठ्ठे त्यांच्या टेबलावर होते. त्यातला एक कागद त्यांनी माझ्या नाकासमोर धरला होता, जणू मी त्यात मेलेला उंदीर बांधून आणला होता.

"मी काढायला लावल्या," मी म्हणालो. अभिमानाने म्हणालो, हे विशेष.

"का?"

"डागांसारख्या दिसत होत्या."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. आत दोन बायका खळ लावत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले.

"आपण करता काय?"

"कविता."

"त्याच्या आधी?"

"सॉफ्टवेअरमध्ये होतो. खराडीला. टेस्टिंग करायचो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचो."

"ऐकलंत का गं?" काकू आत बघून म्हणाल्या. "चुका शोधायचे."

आता या पायऱ्या म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून त्याच्या घड्या घालतात, त्याला फॉर्म म्हणतात. माझं पुस्तक चौसष्ट पानांचं, म्हणजे फॉर्म चार. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर, पुस्तकाची पाठ जिथे येणार तिथे, एक बारीक काळी खूण असते. पहिल्या फॉर्मची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. चारही फॉर्म एकावर एक ठेवले, की पाठीवर जिना दिसतो. एखादी पायरी गळाली किंवा दोन पायऱ्या एकाच उंचीवर आल्या, तर बाइंडरला रस्त्याच्या पलीकडून कळतं की जुळणी चुकली. मग वर कव्हर चिकटतं आणि जिना कायमचा झाकला जातो.

छापखान्यातून नमुना आला, तेव्हा मला या खुणा दिसल्या. चौदा वर्षांचं टेस्टरचं हाड! मी लगेच छापखान्याला मेल ठोकला, 'चार ठिकाणी अनावश्यक काळे ठिपके, तीव्रता: गंभीर.' छापखान्याच्या मालकांचा फोन आला, "अहो, ते असू द्या." मी म्हटलं, मला नकोत. पानांवरचे आकडेही मी आधीच काढायला लावले होते, कारण कविता काय मोजून वाचायच्या असतात? मालक म्हणाले, "तुमचं पुस्तक, तुमची पाठ." पुण्यात एखादा इतक्या चटकन तुमचं ऐकतो, तेव्हा समजावं की तो तुम्हाला सोडून देतोय. मी मात्र त्याला ग्राहकसेवा समजलो.

"पायऱ्या नाहीत, आकडे नाहीत," काकू म्हणाल्या. "मग जुळणी कशी करू? वास घेऊन?"

"पहिली ओळ वाचून."

"तीनशे प्रती, चार फॉर्म. म्हणजे तुमची कविता मी बाराशे वेळा वाचायची? अहो, तुरुंगातसुद्धा सुट्टी असते!"

गुरुवार होता. प्रकाशन रविवारी. मी हात जोडले. काकूंनी कागद टेबलावर टाकला आणि सांगितलं, "करते. पण चुकलं तर माझ्या दारात यायचं नाही."

आता कुणीही विचारेल, इतकी घाई कशाची? मराठी कविता आणखी आठवडाभर थांबली असती तर पृथ्वी काही फिरायची थांबणार नव्हती. पण माझ्यासाठी तो रविवार म्हणजे सर्वस्व होतं, कारण त्या रविवारी माझे बाबा यायला कबूल झाले होते.

बाबा वर्ध्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले, भोसरीला एका कारखान्यात फिटर झाले, विश्रांतवाडीला दोन खोल्यांत संसार मांडला. देशात उदारीकरण आलं ते आमच्या घरी दोन दारांनी आलं. मागच्या दाराने बाबांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचं पत्र आलं, आणि थोड्याच वर्षांनी पुढच्या दाराने माझ्या हातात कंपनीचं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून मी पहिल्यांदा घरी आलो, तेव्हा बाबांनी तो हातात घेऊन असा तपासला, जणू परदेशी विमानाचा सुटा भाग तपासतायत. पुढे दर रविवारी ते त्या पट्ट्याला इस्त्री करायचे. खोटं वाटत असेल तर आमच्या सोसायटीत विचारा. पट्ट्याची धार इतकी कडक, की कंपनीच्या दारावरचा वॉचमन माझ्यापासून हातभर लांब उभा राहायचा.

तर ती नोकरी मी सोडली. कविता करण्यासाठी.

घरात भूकंप होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, एवढंच. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो आणि बाबा माझ्या बायकोला म्हणायचे, "सूनबाई, त्याले इचार, चहा घेते का." ती मला म्हणायची, "अहो, बाबा विचारतायत, चहा घेणार का?" मी म्हणायचो, घेतो. ती बाबांना म्हणायची, "घेतायत." असं आठ महिने चाललं. इतक्या दुभाष्यांवर दोन देशांचे तह होतात, आमचा चहा व्हायचा.

बायकोने एकदा विचारलं, "पण तुम्ही सांगत का नाही त्यांना, कशासाठी सोडली ते?"

काय सांगणार? आमच्याकडे बाप-लेकांत मनातलं बोलायची पद्धत नाही. फार तर पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, इथवर मजल जाते.

खरं कारण एकच कविता होती. बाकीच्या छत्तीस कविता तिच्या सोबतीला, एकटीने प्रवास नको म्हणून. आई गेल्यापासून बाबांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या शेवटच्या महिन्यांत मी एक गोष्ट पाहिली होती. दार अर्धवट उघडं होतं. आई पलंगावर टेकून बसलेली आणि बाबा तिचे केस विंचरत होते. सगळं आयुष्य नटबोल्टांवर पाने फिरवलेले ते हात, तीन केसांची गुंता झालेली एक गाठ सोडवायला त्यांनी पाव तास घेतला. ओढ बसू नये म्हणून डाव्या हाताने केस मुळाशी धरून ठेवले होते. मग त्यांनी वेणी घातली. ती इतकी वाकडी झाली, की आई आरशात बघून हसली आणि बाबाही हसले. मी दारातून मागे फिरलो, ऑफिसला गेलो आणि दिवसभर एका बँकेच्या लॉगिनच्या चुका शोधल्या. पण ती वेणी काही डोळ्यांसमोरून हलेना. ती कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली, आणि नोकरी गेली.

कविता दोन पानांची होती. डाव्या पानावर आई तरुणपणीची, स्टो, डबा, बाबांची कारखान्यातली पहिली पाळी. उजव्या पानावर तो पलंग, तो कंगवा. बाबांना तोंडावर सांगता येत नव्हतं ते चारचौघांत पुस्तकातून सांगायचं, असा माझा शूर बेत होता.

शनिवारी प्रती घरी आल्या. काकूंनी सांगितलं, "बघून घ्या." मी बघितल्या. पण कशा? टेस्टरसारख्या. तीनशे प्रती कोण उलगडतो? नमुना तपासणी! दर दहावी प्रत उघडायची. तीस प्रती उघडल्या, तीसच्या तीस निर्दोष. मी बायकोला जाहीर केलं, "पास." ती मंचावरच्या पाहुण्यांच्या प्रती चकचकीत कागदात बांधत होती. एका गठ्ठ्यातल्या सलग प्रती तिने घेतल्या. मी त्यातली एक उघडायला घेतली, पण ती दहावी नव्हती, म्हणून सोडून दिली.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं किती होती म्हणता? मी लोकांना शंभर सांगतो. खुर्च्या पन्नास होत्या आणि मागच्या दोन रांगांत बॅगा ठेवल्या होत्या. खराडीहून जुने सहकारी आले होते. त्यातला एक म्हणाला, "ब्रो, रिलीज डेट पाळलीस, हे आपल्या टीममध्ये पहिल्यांदाच!" शेजारचे आजोबा पुस्तक तळहातावर तोलून म्हणाले, "छान आहे. प्रवासात जड होणार नाही."

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट. हात गुडघ्यांवर.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक होते. पुस्तकाचा कागद त्यांनी मंचावरच फाडला, म्हणजे ते आधी वाचलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता. चाळीस मिनिटं ते कवितेची व्याख्या करत होते. मग म्हणाले, "कवीने आईवर लिहिलेली कविता मी आता वाचतो." त्यांचा आवाज छान होता. त्यांनी वाचलं:

"पहाटे चारला ती स्टोला पंप मारायची
आणि भिंतीपलीकडचेही जागे व्हायचे.
तीन पोळ्या डब्यात, चौथी त्यांच्या हातावर,
बस वळणावर दिसली की ती…"

बाबांनी मान वर केली. प्राध्यापकांची नजर उजव्या पानावर गेली.

"…ग्लास ठेवा. बटण दाबा.
दूध संपलं असल्यास
ॲडमिनला कळवा."

ही माझीच कविता होती. ऑफिसच्या कॉफी मशीनवरची, बाराव्या की तेराव्या नंबरची. तीही डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपायची, आणि ते उजवं पान म्हणजे दुसऱ्या फॉर्मचं पहिलं पान. त्या प्रतीत चौथा फॉर्म गळाला होता आणि त्याच्या जागी दुसरा फॉर्म पुन्हा लागला होता. हे सगळं मला मंचावर बसल्या बसल्या एका सेकंदात कळलं. चौदा वर्षांत इतक्या झटक्यात मी कुठलीच चूक शोधली नव्हती.

प्राध्यापक थबकले, असं मला वाटलं. पण मुरलेला माणूस! त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं, डोळेही मिटले आणि म्हणाले, "आई आणि यंत्र. बटण दाबलं की माया. या पिढीचं दुःख हेच आहे!"

टाळ्या पडल्या. खराडीवाल्यांनी तर शिट्ट्या मारल्या.

मी उठायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, थांबा, पान चुकलंय. माझ्यासमोर दुसरा माइक होता, माझ्या मांडीवर बरोबर प्रत होती, बोलायचे फक्त तीन शब्द होते. एरवी मी इतका बोलतो, की रिक्षावाले मीटर बंद करून ऐकतात. पण त्या माइककडे मी हात नेला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, प्राध्यापक माझ्याकडे बघून मान हलवत होते, आणि मीही मान हलवली. आभार मानल्यासारखी. बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते समोरच्या फुलदाणीकडे बघत होते.

घरी परतताना रिक्षात बाबा आठ महिन्यांनी माझ्याशी थेट बोलले. "बरा झाला कारेक्रम," ते म्हणाले. लांबच्या नातेवाइकाच्या मुलाला म्हणावं, तसं. बायकोने माझा हात दाबला, तिला वाटलं तह झाला.

दुसऱ्या दिवशी मी घरात उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या प्रती उलगडल्या. अकरा चुकल्या होत्या, अकराही त्या एका गठ्ठ्यातल्या. काकूंच्या दारात जायची सोय नव्हती, आणि काकूंचा दोषही नव्हता. जिना मीच पुसला होता. बाबा मात्र आता माझ्याशी रोज बोलायचे. चहा घेतोस का. पाणी आलं का. पेपर झाला का तुझा. सगळं सरळ, सगळं सभ्य. मला ते दुभाषी असलेले दिवस परवडले असं वाटायला लागलं.

आठवडा गेला. शेवटी एका दुपारी ते गॅलरीत मिक्सर खोलून बसले होते. मी नीट प्रत घेऊन त्यांच्यासमोर खाली बसलो आणि एका दमात सगळं ओकलो: खुणा, फॉर्म, दहावी प्रत, कॉफीचं मशीन. ते उजवं पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. हात तेलकट होते म्हणून त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. वाकून वाचलं. ओठ हलवत, हळू. शेवटच्या ओळीला पोचले आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मग मिक्सरचं एक चाक उचलून फडक्याने पुसायला लागले.

मला राहवेना. "बाबा, तुम्हाला तिथेच कळलं असेल ना, काहीतरी चुकलंय म्हणून? मग विचारलं का नाही मला?"

चाक पुसून झालं. त्यांनी ते पेपरवर ठेवलं.

"मले वाटलं, तुले तेवढंच आठवते."