रुमालाखालचा सौदा

आता सांगलीत कुणाला सांगितलं, की त्या काळी एका गुळाच्या वखारीच्या माडीवर व्यापाराचं शिक्षण मिळायचं, तर लोक हसतात. म्हातारी काहीतरी बरळते म्हणतात. पण वर्ग होता हो. मी स्वतः तो जिना कधी चढले नाही, हे खरं. पण माझे धाकटे दीर तिथं शिकायला होते आणि आमच्याच दोन खोल्यांत राहायचे. त्यामुळं वर काय शिकवतात ते मला चुलीपुढं बसून कळायचं.

लढाईचे दिवस होते. मुंबईवर बाँब पडणार म्हणून कितीतरी माणसं तिकडनं इकडं आली, त्यांतलेच ते मास्तर. कुठल्याशा मोठ्या पेढीवर नोकरी केलेले. इंग्रजी पद्धतीचा जमाखर्च, व्यापारी पत्रं, हुंड्या आणि टाइपरायटर, असं सगळं शिकवायचे. यंत्र एकच, पोरं दहा-बारा. पाळी लवकर येईना, म्हणून भावजींनी जेवायच्या पाटावर खडूनं इंग्रजी अक्षरं काढली आणि त्यावर टकटक करत बसायचे. एकदा आमचे हे घाईत त्याच पाटावर जेवायला बसले आणि तसेच कामावर गेले. हे कापडाच्या दुकानात कापड मोजायला होते. एक गिऱ्हाईक मागनं बघून म्हणालं, "काय हो, धोतरावर पत्ता छापून घेतलाय व्हय? हरवला तर पोचवायचं कुठं?" घरी येऊन हे रागवायला गेले आणि स्वतःच हसत सुटले.

भावजींच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. कराडच्या अलीकडं आमचं शेत. भावजी लहान असताना गुऱ्हाळावर चरकात ऊस घालत होते, आणि उसाबरोबर हात आत ओढला गेला. बैल आमचे हे हाकत होते. किंकाळी ऐकून बैल थांबवले, तोवर व्हायचं ते झालं. ह्यांनी ही गोष्ट मला लग्नानंतर एकदाच सांगितली, पुन्हा कधी काढू दिली नाही. "नांगर त्याला पेलत न्हाई," एवढंच म्हणायचे, "लेखणी पेलंल." म्हणून सांगलीला आणून वर्गात घातलं. भावजी तीन बोटांत टाक धरून असं वळणदार लिहायचे, की बाकीची बोटं नाहीत हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मास्तरही विसरले. मला वाटतं, भावजी स्वतःसुद्धा विसरले होते.

वर्गातली पोरं आमच्याकडं चहाला यायची. एक म्हणायचा, मी कापडगिरणीचा मॅनेजर होणार. दुसरा म्हणायचा, "साहेब, आधी पायात वहाण घ्या, मग गिरणी घ्या." हसायचे खरे, पण आतून सगळे धास्तावलेले. कारण गावातले व्यापारी आपले मोडीत लिहायचे आणि नोकरीला आपलाच भाचा-पुतण्या ठेवायचे. मास्तरांच्या इंग्रजी जमाखर्चाचं त्यांना काय करायचं होतं? आधी शिकून गेलेला एकजण तर एसटीच्या आधीच्या त्या खाजगी मोटारींची तिकिटं फाडत होता.

अशात हळदीच्या एका म्हाताऱ्या अडत्यानं भावजींना बोलावलं. शेतकऱ्यांचा माल अडतीनं विकून देणारा माणूस. मूलबाळ नव्हतं, नजर मंदावलेली. आठवडाभर भावजी दुकानात लिहायला जात होते. अक्षर बघून, हिशेब ऐकून म्हातारा खूश. ह्यांनी तर गावाकडं सासूबाईंना निरोपही धाडला, की धाकटा मार्गी लागला.

आणि एका दुपारी भावजी अवेळी घरी आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले.

"वैनी, सौदा कसा हुतो ठावं हाय?"

"मला काय ठावं? बोलून करत असतील."

"बोलून न्हाई. हातावर रुमाल टाकत्यात आणि खालनं एकमेकाची बोटं धरत्यात. किती बोटं धरली, तेवढा आकडा. शेजारच्याला कळू ने म्हणून." त्यांनी आपला पंचा उजव्या हातावर टाकला आणि डावा हात खाली घातला. "ह्ये एक. ह्ये दोन. ह्ये तीन. आता वैनी, मला चार कसं सांगणार?"

म्हटलं, "डावा हात द्यायचा की."

"डाव्या हातात कोण सौदा देतंय? आज पयल्यांदा उभा ऱ्हायलो. समोरच्यानं माझा हात चाचपला, पुना चाचपला, आणि रुमाल काढून बघितलं. समदे बघाय लागले."

म्हातारा वाईट बोलला नाही. म्हणाला, "पोरा, तुझ्यासारखं लिहिणारा मला गावणार न्हाई. पर मला दिसत न्हाई, दुकानात दुसरं माणूस न्हाई. सौद्याला उभं ऱ्हाणाराच पायजे."

भावजी उठता उठता म्हणाले, "दादाला ह्यातलं बोलू नगा. मी सांगतो, हळदीच्या धुरळ्यानं खोकला हुतोय म्हणून."

संध्याकाळी तसंच सांगितलं. हे असे भडकले, की विचारू नका. "खोकला? आरं, आमी जल्मभर मातीत गेलो, आमाला न्हाई झाला खोकला! शिकून नाजूक झालास व्हय रं?" भावजी खाली मान घालून ऐकत राहिले. माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी हे परस्पर त्या अडत्याकडं गेले. पोराची चूक पदरात घ्या, म्हणायला. परत आले ते टोपी हातात घेऊन. खुंटीला टोपी लावायची, तेही सुचेना. मी पानं वाढली. दोघं भाऊ समोरासमोर बसले. हे कुठं जाऊन आले, ते भावजींना कळलंच होतं. हे भाताचा घास नुसता बोटांनी कालवत होते. मग भावजीच म्हणाले,

"दादा, खोकला लय वाईट. छातीत कळ येती."

हे म्हणाले, "व्हय. असतंय तसं."

एवढंच. त्या दिवसानंतर ह्या विषयावर दोघं मरेपर्यंत बोलले नाहीत.

भावजी गावाकडं गेले. मास्तर लढाई संपल्यावर मुंबईला परतले, वर्ग बंद पडला. जी शेती पेलत नाही म्हणून ह्यांनी सोडवली होती, तीच भावजींनी केली. केली कशीबशी. लग्न झालं, पोरं झाली. तक्रार अशी केली नाही कधी. पण हळद घेऊन सांगलीला आले, की माल अडतीला टाकायचे आणि सरळ आमच्या घरी यायचे. सौद्याला थांबायचे नाहीत.

पुढं पुष्कळ वर्षांनी रुमालाखालचा सौदा बंद झाला आणि उघड बोली सुरू झाली. भावजी आले, तेव्हा मी घाईघाईनं सांगायला गेले, "ऐकलंत का भावजी? आता तोंडानं भाव सांगतात म्हणे."

"बघूनच आलो, वैनी," ते म्हणाले. केस पांढरे झाले होते. "आज थांबलो हुतो. लय येळ. मनातल्या मनात मीबी बोली लावत हुतो. माझा आकडा आणि शेवटी ठरलेला भाव, बहुतेक येळा एकच."

हे बाहेरच्या खोलीत होते. मधे नुसता पडदा. ह्यांना सगळं ऐकू गेलं असणार. पण हे काही आत आले नाहीत.